नाव आपले, चोपडी कोणाची?



आपल्या स्मरणिकेत मंडीचे कायदे, करांचे दर, मालाची आवक-जावक या विषयांवर जाणत्या मंडळींचे लेख दरवर्षी येतात व ते आवश्यकच आहेत. यंदा आम्ही त्या वाटेने न जाता एक लहानसा दिसणारा विषय हाती घेत आहोत. आज आपल्यापैकी अनेक पेढ्यांची संकेतस्थळे इंटरनेटवर आहेत. ज्यांची नाहीत त्यांची मुले-नातवंडे ती काढण्याच्या विचारात आहेत. संकेतस्थळ काढावयाचे तर प्रथम त्याचे नाव, म्हणजे डोमेन, नोंदवावे लागते व ते नोंदवून देणाऱ्या पेढीस रजिस्ट्रार म्हणतात. हा रजिस्ट्रार कोण असावा, याचा विचार मात्र आपल्या घरांत होत नाही. अकोल्यास अथवा इंदुरास नवा अडत्या धरावयाचा तर आपण चार ठिकाणी चौकशी करतो, त्याची पत पाहतो, वडीलधाऱ्यांस विचारतो. पण ज्याच्या चोपडीत पेढीचे नाव, मालकाचा राहता पत्ता व घरचा दूरध्वनी क्रमांक लिहून द्यावयाचा, त्याचे नावही आपण विचारीत नाही. हे व्यापाऱ्यास शोभणारे नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम ही व्यवस्था कशी आहे ते थोडक्यात सांगतो. आपल्या गावास कुंडी भंडाऱ्याचे उदाहरण नवे नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी मुरणारे पाणी १६१५ सालच्या त्या योजनेने जमिनीखालच्या बोगद्यातून एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीत येत शहरात पोहोचे. घागर भरणारास केवळ शेवटची कुंडी दिसे. डोमेनचेही तसेच आहे. सर्वांच्या मुळाशी आयकॅन ही १९९८ साली स्थापन झालेली अमेरिकेतील नफा न घेणारी संस्था आहे. तिच्याखाली एकेका शेपटाची मूळ नोंदवही सांभाळणाऱ्या संस्था आहेत. ‘डॉट कॉम’ची वही व्हेरिसाइन या कंपनीकडे आहे, तर आपल्या देशाच्या ‘डॉट इन’ची वही नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया अर्थात निक्सी या संस्थेकडे आहे. याच संस्थेने २०१४ साली देवनागरीतील ‘डॉट भारत’ही सुरू केले व त्यात मराठीचा समावेश आहे. या वह्यांत नाव चढवून देण्याचा अधिकार ज्यांस मिळाला आहे ते रजिस्ट्रार. त्यांच्याही खाली फुटकळ विक्रेते असतात व आपल्या गावात संकेतस्थळ बांधून देणारा तरुण हा बहुधा असा विक्रेता किंवा त्याचाही ग्राहक असतो. आपणांस तोच काय तो दिसतो. आपली माहिती पुढे किती कुंड्यांतून जाते, हे कोणी पाहत नाही.

आता माहितीचा प्रश्न. नाव नोंदविताना आपले नाव, पत्ता, ई-पत्र व दूरध्वनी द्यावा लागतो. ही सारी माहिती पूर्वी ‘हूइज’ नावाच्या एका खुल्या वहीत जगास दिसत असे. त्या वहीचा आरंभ १९८० नंतरच्या दशकात झाला. तेव्हा इंटरनेट वापरणारे लोक थोडे होते, एकमेकांस ओळखत होते व यंत्र बिघडल्यास कोणास कळवावे एवढाच तिचा हेतू होता. पुढे जगभरचे दुकानदार त्या वहीत आले, पण वही उघडीच राहिली. परिणाम व्हावयाचा तोच झाला. कोणीही ती वही उतरवून घ्यावी व नाव नोंदविणाऱ्यांस हवी ती पत्रे धाडावीत, असा धंदा सुरू झाला. ‘डोमेन रजिस्ट्री ऑफ अमेरिका’ या भारदस्त नावाने लोकांस बिलासारखी दिसणारी पत्रे जात. नावाची मुदत संपत आली आहे, त्वरित पैसे भरा, असा त्यांचा मजकूर असे. पैसे भरणाराचे नाव त्याच्या नकळत आपल्या रजिस्ट्राराकडून त्या पेढीकडे वळत असे. अखेर २००३ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्या पेढीस न्यायालयात खेचले. या उद्योगास लागणारा पत्ता चोरावा लागत नव्हता, तो सार्वजनिक वहीत आयता लिहिलेला होता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

ही स्थिती पालटली ती युरोपातील कायद्याने. २५ मे २०१८ पासून तेथे वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा ‘जीडीपीआर’ हा नियम अमलात आला व त्याच महिन्यात आयकॅनने आपले नियम बदलून डॉट कॉमसारख्या नावांच्या नोंदीतील खाजगी माहिती झाकण्याची मुभा रजिस्ट्रारांस दिली. २८ जानेवारी २०२५ पासून तर अशा नावांसाठी जुन्या हूइजची जागा ‘आरडॅप’ या नव्या पद्धतीने घेतली. डॉट इनच्या नोंदीत निक्सी स्वतःच व्यक्तीचे नाव, पत्ता व दूरध्वनी झाकते. संस्थेचे नाव, राज्य व देश एवढेच दिसते. मात्र डॉट इनमध्ये मध्यस्थाच्या नावाने गुप्त नोंदणी करण्यास परवानगी नाही. तेव्हा डॉट इन नावाच्या ‘गुप्ततेचे’ निराळे पैसे कोणी मागितल्यास, आपण नेमके काय विकता, असे त्यास अवश्य विचारावे.

येथे आमचे काही वयोवृद्ध मित्र म्हणतात की, प्रामाणिक व्यापाऱ्यास लपविण्यासारखे काय आहे? आपण दुकानावर पाटी लावतो, जीएसटी क्रमांक दर्शनी भागी टांगतो. तो क्रमांक घालून कोणीही शासनाच्या संकेतस्थळावर आपल्या पेढीचे नाव व ठिकाण पाहू शकतो. मग नाव झाकण्याचा हा खटाटोप चोराचे लक्षण नव्हे काय? आक्षेप वजनदार आहे व त्यास उत्तर दिले पाहिजे.

पाटी दुकानावर असते, माजघराच्या दारावर नसते. आपल्या मंडीतच पाहा. पूर्वी रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरे व शेतकऱ्यास आपल्या मालाचा भाव कळत नसे. मध्य प्रदेशच्या १९७२ च्या मंडी कायद्याने उघडा लिलाव आणला व ते न्याय्यच झाले. भाव उघडा झाला, पण म्हणून आपल्या खतावण्या कोणी चौकात मांडल्या नाहीत. कोणत्या कुळाकडे किती येणे आहे, कोणाची हुंडी केव्हा पटली, हे मुनीम व मालक यांच्याबाहेर गेले नाही. सतराव्या शतकात सुरतेचे वीरजी व्होरा हे जैन श्रेष्ठी देशातील अग्रगण्य व्यापारी होते व त्यांचे अडत्ये आपल्या बुऱ्हाणपुरातही होते. एवढा दूरवरचा व्यवहार परक्या गावच्या माणसांच्या भरवशावर चाले. हुंडीवर जे लिहावयाचे ते पुरते व खरे लिहिले जाई आणि ते ज्याने वाचावयाचे तोच वाची. शहाजोग हुंडीचे पैसे पतदार व माहितीच्या शहासच मिळत, वाटसरूस नव्हे. खरेपणा व गुप्तता ही त्या व्यवहाराची दोन चाके होती.

आपल्या धर्मग्रंथांतही हाच विवेक आहे. तत्त्वार्थसूत्र हा ग्रंथ श्वेतांबर व दिगंबर या दोन्ही संप्रदायांस मान्य आहे. त्याच्या सातव्या अध्यायात श्रावकाच्या सत्य-अणुव्रताचे अतिचार सांगितले आहेत. त्यांत खोटा लेख करणे म्हणजे कूटलेखक्रिया जशी आहे, तसेच कोणाचे एकांतातील गुपित उघड करणे म्हणजे रहोभ्याख्यान हेही आहे आणि विश्वासाने ठेवलेली ठेव बळकावणे म्हणजे न्यासापहार हाही आहे. गुपित फोडणे हा सत्याच्याच व्रताचा भंग मानला आहे, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. सत्य बोलणे व सर्वांस सर्व सांगत सुटणे ही एक वस्तू नव्हे. रजिस्ट्रार निवडताना हे तीन अतिचार डोळ्यांसमोर ठेवले तर दुसऱ्या कसोटीची फारशी गरज पडणार नाही.

पहिला कूटलेख. हा दोष आपल्याकडून घडण्याचा संभव आहे. आपली माहिती फुटू नये म्हणून काही लोक नोंदणीत खोटे नाव, खोटा पत्ता अथवा बंद पडलेला दूरध्वनी लिहितात. हे अधर्माचे आहे व तोट्याचेही आहे. डॉट कॉमसारख्या नावांत रजिस्ट्राराने नोंदीनंतर १५ दिवसांत ग्राहकाच्या ई-पत्राची किंवा दूरध्वनीची खात्री करून घ्यावयाची असते व ती न पटल्यास नाव स्थगित होऊ शकते. शिवाय उद्या तंटा झाला तर खोट्या नावाने नोंदलेली वस्तू आपली आहे, असे कोणत्या तोंडाने सांगणार? म्हणून रजिस्ट्रारास पूर्ण व खरी माहिती द्यावी आणि ती रस्त्यावर न जाईल अशी पेढी निवडावी.

दुसरा न्यासापहार. गुप्ततेच्या नावाखाली दोन भिन्न गोष्टी विकल्या जातात. एकीत वहीवर मालक आपणच राहतो, केवळ पत्ता व दूरध्वनी यांच्या जागी मध्यस्थाचा पत्ता दिसतो. दुसरीत मध्यस्थच मालक म्हणून लिहिला जातो व आपण त्याच्या परवानगीने नाव वापरतो. स्वीडनच्या पीटर सुंडे यांनी २०१७ साली काढलेली ‘न्जाला’ ही पेढी हे उघडपणे सांगते की, नाव आमच्या मालकीचे राहील व वापर तुमचा. ज्यांच्या जिवास धोका आहे अशांस ते सोयीचे असेलही आणि सांगून-सवरून केलेल्या व्यवहारास आम्ही दोष देत नाही. परंतु व्यापारी पेढीने आपले नाव दुसऱ्याच्या खाती का ठेवावे? अमेरिकेतील रजिस्टरफ्लाय ही पेढी २००७ साली बुडाली, आयकॅनने तिचा अधिकार काढून घेतला व लाखो नावे दुसऱ्या रजिस्ट्रारकडे सोपविली. त्या वेळी ज्यांनी तिचीच गुप्तता-सेवा घेतली होती त्यांच्या नावांच्या नोंदीत त्यांच्याऐवजी त्या सेवेचेच नाव होते व आपली मालकी सिद्ध करताना त्यांस विशेष अडचण पडली.

पण इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. आपल्याकडील नेहमीचा प्रकार याहून साधा आहे. संकेतस्थळ बांधून देणारा मनुष्य घाईत पेढीचे डोमेन स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या ई-पत्रावर व स्वतःच्या मोबाइलवर नोंदवितो. त्याच्या मनात पाप असते असे नाही, त्यास ते सोपे पडते एवढेच. पुढे तो गाव सोडतो, धंदा बदलतो किंवा पैशांवरून कुरबुर होते. मग तीन पिढ्यांच्या पेढीचे नाव कोणा एकाच्या मोबाइलवर येणाऱ्या सांकेतिक अंकांवर लटकून राहते. गोदामाची जागा आपण भाडेकरूच्या नावे कधी लिहून देत नाही, मग नाव का द्यावे? हे नाव आज मालमत्ताच आहे. मुंबईच्या रेडिफ कंपनीच्या नावाशी मिळतेजुळते ‘रॅडिफ’ हे डोमेन दुसऱ्याने घेतले, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ साली रेडिफच्या बाजूने आदेश दिला. २००४ साली सर्वोच्च न्यायालयानेही सत्यम इन्फोवेच्या ‘सिफी’ या नावाच्या खटल्यात डोमेनला व्यापारी चिन्हासारखे संरक्षण मिळते असे ठरविले. पण न्यायालयाची पायरी चढण्यापेक्षा पहिल्या दिवशीच आपल्या नावे नोंद करणे किती स्वस्त!

तिसरा रहोभ्याख्यान. जगाच्या वहीवर माहिती झाकली तरी ती रजिस्ट्रारच्या तिजोरीत असतेच. ती तिजोरी भक्कम नसेल तर झाकणाचा उपयोग काय? सप्टेंबर २०२१ मध्ये एपिक या अमेरिकी रजिस्ट्रारची सारी वही चोरट्यांनी फोडून उघड केली. त्यात ज्यांनी माहिती झाकून घेतली होती त्यांची माहिती गेलीच, पण जे त्या पेढीचे कधीही ग्राहक नव्हते अशांचेही पत्ते बाहेर पडले, कारण जुन्या खुल्या वहीतून ते आधीच उतरवून ठेवलेले होते. अपरिग्रहाचे तत्त्व केवळ धनास लागू नाही. जी पेढी नोंदणीस लागते त्याहून अधिक माहिती मागते व काम संपल्यावरही साठवून ठेवते, ती आपल्या डोक्यावरील जोखीम वाढवीत असते.

पेढ्या विकल्याही जातात. मुंबईच्या तुरखिया बंधूंनी १९९८ साली उभारलेल्या डायरेक्टी समूहाचा रजिस्ट्रार-धंदा २०१४ साली अमेरिकेच्या एन्ड्युरन्स कंपनीकडे गेला. गूगलने आपला डोमेनचा धंदा २०२३ साली स्क्वेअरस्पेसला विकला व लक्षावधी ग्राहकांची नावे नव्या धन्याकडे गेली. यात बेकायदा काही नाही, परंतु आपण ज्यास पाहून विश्वास ठेवला तोच उद्या राहील असे धरून चालता येत नाही. यास्तव जेथून सहज बाहेर पडता येते तीच पेढी चांगली.

एका गोष्टीकडे भगिनींचे लक्ष विशेषेकरून वेधतो. आपल्या समाजातील कित्येक लेकी-सुना घरबसल्या पापड, लोणची, मसाले, वस्त्रे यांचा व्यापार करू लागल्या आहेत. त्यांचे दुकान म्हणजे राहते घर व दुकानाचा दूरध्वनी म्हणजे हातातील मोबाइल. नोंदवहीतून तो क्रमांक परक्याच्या हाती गेल्यास होणारा उपद्रव मोठ्या पेढीस जाणवणार नाही, तो त्यांस जाणवेल. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. त्यामागून २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले व त्यांचा अंमल टप्प्याटप्प्याने ठेवण्यात आला. हा हक्क मोठ्यांच्या चैनीसाठी नाही, अशा घरांसाठीच आहे.

तथापि गुप्तता म्हणजे ग्राहकापासून पळ नव्हे. इंटरनेटवरून माल विकणाऱ्या पेढीने आपले कायदेशीर नाव, पत्ता व तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याची माहिती दाखवावी, असे केंद्राच्या २०२० च्या ई-वाणिज्य नियमांत आहे व ते पाळलेच पाहिजे. नामांकित पेढ्यांची बनावट नावे घेऊन लोकांस लुबाडणारे भामटेही नोंदीच्या पडद्याआड लपतात. न्यायालयाने किंवा अधिकृत तपासकाने विधिपूर्वक मागणी केल्यास माहिती देणे हे रजिस्ट्रारचे कर्तव्यच आहे. जो ‘आम्ही कोणासही, कधीही काही सांगणार नाही’ अशी फुशारकी मारतो तो भरवशाचा नव्हे आणि जो कोणाच्याही नुसत्या पत्रावर सारे सांगतो तोही नव्हे. कोणत्या मागणीवर, कोणती माहिती, कोणास देतो व ग्राहकास कळवितो की नाही, हे ज्याने लिहून ठेवले आहे तो घ्यावा.

मग निवड करताना काय विचारावे? पेढी आयकॅनची किंवा डॉट इनसाठी निक्सीची मान्यताप्राप्त आहे काय, हे त्या संस्थांच्या यादीत पाहावे. माहिती झाकण्याचे वेगळे शुल्क आहे की ते नोंदणीतच धरले आहे, हे विचारावे. अनेक पेढ्या ते विनामूल्य करतात. पहिल्या वर्षाचा पडेल भाव पाहून भुलू नये. दुसऱ्या वर्षाचा नूतनीकरणाचा दर विचारावा, कारण वानगी एक व माल दुसरा हा प्रकार येथेही आहे. नाव दुसरीकडे नेण्याचा सांकेतिक शब्द मागताच मिळतो काय? आयकॅनच्या नियमाप्रमाणे तो पाच दिवसांच्या आत द्यावा लागतो. खात्यास दुहेरी कुलूप, म्हणजे परवलीच्या शब्दाबरोबर दुसरी खूण, आहे काय? आणि तक्रार केल्यास उत्तर देणारा मनुष्य आहे काय? ही चौकशी अर्ध्या तासाची आहे.

नोंद झाल्यावर मालकाच्या रकान्यात पेढीचे नाव आहे, ई-पत्र पेढीचे आहे व परवलीचा शब्द मालकाच्या कुलपात आहे, हे कर्त्या पुरुषाने अथवा स्त्रीने स्वतः पाहावे. नाव एका वर्षापासून दहा वर्षांपर्यंत घेता येते. मुदतीची तारीख दिवाळीच्या वहीपूजनाच्या वेळी नव्या चोपडीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवल्यास विसर पडणार नाही. मुदत टळून नाव पुसले गेले तरी डॉट कॉमसारख्या नावांत ते सोडवून घेण्यास ३० दिवस मिळतात, पण त्याचा दंड भारी असतो. मुदतीच्या नावाने येणाऱ्या अनोळखी पत्रास मात्र आपल्या खात्यात स्वतः जाऊन पाहिल्याविना एक पैसाही देऊ नये.

आमची आपल्या मंडळास एक नम्र सूचना आहे. मंडळाने वर्षातून एक दिवस ठेवावा व सभासदांच्या डोमेनची नोंद कोणाच्या नावे आहे, हे जाणत्या तरुणांकडून तपासवून द्यावे. तरुणांस हे काम क्षणाचे आहे आणि वडीलधाऱ्यांस ‘कोणावर किती विश्वास टाकावा’ याचा अनुभव आहे. दोहोंची गाठ घातली तर पुष्कळ पेढ्यांची नावे परक्या खात्यांतून आपल्या घरी परत येतील. तराजूचा काटा व बोललेला शब्द यांवर आपल्या वडिलांनी जी पत मिळविली ती याच नावात साठलेली आहे. ते नाव ज्याच्या हाती द्यावयाचे, तो खरे लिहून घेणारा, झाकून ठेवणारा व मागताच परत देणारा असावा, एवढेच आमचे सांगणे आहे.

जय जिनेंद्र.